पंधरा थाऊंची फट

‘फट’ या शब्दाला मराठीत कधी बरे दिवस आले नाहीत. दाराला फट राहिली की थंडी आत येते, कौलांत फट पडली की पाऊस येतो, आणि भावाभावांत फट पडली की वकील येतात. ‘फट म्हणता ब्रह्महत्या’ या म्हणीतला ‘फट’ हा खरे तर निराळा उद्गार; त्याचा भेगेशी काही संबंध नाही. पण तिथेही बिचारा हा शब्द पापाच्याच शेजारी जाऊन बसला आहे. वीस वर्षे मी मुलांना मराठी शिकवतो. फटीविषयी कुणी दोन शब्द चांगले बोलल्याचे माझ्या वाचनात नाही. ते दोन शब्द आज मी बोलणार आहे. आणि वाचकांना नवल वाटेल, ते मी ग्रंथालयात शिकलो नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पत्र्याच्या छपराखाली, ग्रीसने माखलेल्या बाकावर बसून शिकलो.

आमच्या घरी एक अँबॅसिडर आहे. मार्क थ्री, १९७८ सालची. माझ्याहून वर्षाने मोठी, त्यामुळे घरात तिचा मान माझ्या आधी. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वकिली नुकती चालू लागली तेव्हा ती घेतली. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडर काढणे २०१४ साली थांबवले. मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. तरी अशा गाड्या अजून पुष्कळ घरांत कापडाखाली झाकून ठेवलेल्या आहेत आणि रविवारी त्यांना फिरवून आणण्याचा रिवाज आहे. आजचे हे पान त्या घरांसाठी आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही वाचावे. फट सगळ्यांकडे असते.

या जुन्या गाड्या चालू केल्या की बॉनेटखालून एक बारीक टकटक येते. शिवणयंत्र लांबच्या खोलीत चालू असावे तशी. मेकॅनिक लोक म्हणतात, ‘टॅपेट वाजतंय.’ नव्या गाडीत बसून आलेला पाहुणा लगेच म्हणतो, ‘अहो, काहीतरी ढिलं झालंय वाटतं.’ त्याचे बरोबरच आहे. काहीतरी ढिले आहेच. पण ते झालेले नाही, ठेवलेले आहे. हा फरक मला समजायला चाळिशी उजाडली.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन दारे असतात. एकातून पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून जळलेला धूर बाहेर जातो. या दारांना व्हॉल्व्ह म्हणायचे. दिसायला लांब देठाच्या भूछत्रासारखा; त्याची टोपी हेडातल्या गोल कडेवर, म्हणजे सीटवर, घट्ट बसते. चार सिलिंडरचे आठ व्हॉल्व्ह. त्यांना उघडण्याचे काम खाली ब्लॉकमध्ये फिरणारी कॅमशाफ्ट करते. तिच्यावरचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो, आणि सी-सॉप्रमाणे रॉकरचे दुसरे टोक खाली येऊन व्हॉल्व्हचा देठ दाबते. दार उघडते. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग दार मिटवते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी. म्हणजे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. आपल्या पापणीला हे जमायचे नाही.

आता प्रश्न असा की, दार मिटलेले असताना रॉकरचे टोक देठाला टेकलेले असावे की नाही? घरगुती अक्कल सांगते, टेकलेले असावे. म्हणजे आवाज नको, धक्का नको. पण इंजिन तापते. धातू तापला की वाढतो, आणि धुराच्या दाराचा व्हॉल्व्ह तर सगळ्यांत जास्त तापतो. भर कामात तो लाल होण्याइतका गरम असतो. त्याचा देठ लांबतो. वर रॉकर आधीच टेकून बसला असेल तर लांबलेल्या देठाला जायला जागा कुठे? मग टोपी सीटवरून किंचित उचललेली राहते. दार लोटल्यासारखे दिसते, पण मिटत नाही. म्हणून रॉकर आणि देठ यांच्यामध्ये एक फट मुद्दाम राखायची. आमच्या गाडीला ती पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे हजार भाग करून त्यातले पंधरा. मिलिमीटरमध्ये ०.३८. उत्तरपत्रिकेची चार पाने एकावर एक ठेवली की जेवढी जाडी भरते, साधारण तेवढीच. तेवढ्या रिकाम्या जागेवर हजार किलोंहून जड गाडी घाट चढते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तापलेल्या व्हॉल्व्हला गार व्हायलाही उसंत लागते. ती त्याला सीटवर टेकल्यावर मिळते. टोपी कडेला घट्ट टेकली की तिच्यातली उष्णता सीटमध्ये, तिथून हेडात आणि हेडातून पाण्यात जाते. टेकणे हीच त्याची विश्रांती. फट नसेल तर तो टेकतच नाही. त्याची विश्रांती बुडते, आणि अर्धवट मिटलेल्या कडेतून प्रत्येक स्फोटाची ज्वाळा निसटत राहते. गॅसच्या टॉर्चने पत्रा कापतात तशी ती टोपीची कड कापत जाते. व्हॉल्व्ह जळला असे मेकॅनिक म्हणतात तेव्हा तो हाच प्रकार.

हे मी इतक्या अधिकाराने सांगतो याचे कारण आमच्या आठव्या व्हॉल्व्हला ते भोगावे लागले आहे. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी परीक्षेच्या कामात गुंतलो होतो, आणि रत्नागिरीला एका लग्नाला जायचे म्हणून आप्पांनी गाडी सर्व्हिसिंगला पाठवली. नेहमीचे मिस्त्री गावी गेले होते, तेव्हा ती हमरस्त्यावरच्या एका मोठ्या, काचेच्या दाराच्या गॅरेजात गेली. दोन दिवसांनी परत आली ती अगदी मुकी होऊन. गॅरेजवाल्याने सांगितले, ‘आवाज काढून टाकलाय साहेब, वेगळे पैसे नाही लावले.’ आप्पा खूश. ‘बघ, नवी होती तेव्हाही इतकी शांत नव्हती,’ असे मला दोनदा म्हणाले. जाताना आंबा घाट उतरायचा होता, तेव्हा काही कळले नाही. परत येताना साखरप्याच्या पुढे चढ लागला आणि गाडीच्या अंगातले बळ गेले. सायलेन्सरमधून फट् फट् आवाज येऊ लागला. तिसऱ्या गिअरचा चढ दुसऱ्यात, दुसऱ्याचा पहिल्यात. मागच्या सीटवर आई, आत्या आणि लग्नातले लाडू. रात्री दहाला आंबा गाठला तेव्हा आप्पा म्हणाले, ‘संपली रे गाडी.’ ते वाक्य त्यांनी अशिलाला निकाल सांगावा तशा कोरड्या आवाजात म्हटले, म्हणून मला ते जास्त लागले.

काचेच्या दाराच्या गॅरेजाने तपासून तेच सांगितले. इंजिन गेले, एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला, २०२१ पासून जुनी वाहने मोडीत काढण्याचे सरकारी धोरणच आले आहे, त्यात द्या. मोडीचा भाव किलोवर सांगितला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे माणूस घरातून किलोच्या भावाने बाहेर जाताना पाहावे, तसे आम्हांला झाले. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी कागद शोधायला घेतले.

तेवढ्यात मिस्त्री गावाहून आले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. उद्यमनगरात एका लेथवाल्याच्या शेजारी त्यांची जागा. त्यांनी आधी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले. तीन सिलिंडर एकशेवीसच्या वर, चौथा चाळीसवर. मग टॅपेट कव्हर उघडले, खिशातून फिलर गेज काढले आणि एकेका रॉकरखाली पान सरकवू लागले. फिलर गेज म्हणजे चाकूसारख्या मुठीत बसवलेल्या पोलादी पानांची जुडी. प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली. पंधराचे पान एकाही रॉकरखाली जाईना. कुठे सात गेले, कुठे सहा. आठव्या व्हॉल्व्हवर चारचेही गेले नाही. सगळ्यांत पातळ पान लावले, तेही नाही. मिस्त्रींनी जुडी मिटली.

‘सर, गाडी मेल्याली न्हाई. तिचं तोंड दाबलंय कुणीतरी.’

‘पण मिस्त्री, आवाज बंद झाला म्हणून सगळे खूश होते.’

‘व्हणारच की! टकटक म्हंजे तक्रार न्हवं सर, हजेरी हाय ती. आठजणं ओ म्हणत्यात. वर्गात पोरं एकदम गप झाली तर तुमी खूश हुता का बघाय जाता?’

वीस वर्षांच्या अध्यापनाचा अनुभव असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. बघायला जातो, आणि धावत जातो.

हेड उतरले तेव्हा आठवा व्हॉल्व्ह हातात आला. टोपीच्या कडेला नखाएवढा तुकडा नव्हता. उंदराने बिस्किट कुरतडावे तशी कड. बाकी इंजिन ठणठणीत होते. म्हणजे ज्या गाडीला किलोच्या भावाने जायचे होते तिच्यात बिघडले होते ते एवढेच: एक व्हॉल्व्ह, आणि त्याच्या डोक्यावरची हरवलेली पंधरा थाऊंची जागा.

मिस्त्रींनी त्या दिवशी दुसरीही एक गोष्ट दाखवली. जुन्या अँबॅसिडरचे हेड बिडाचे, आणि सीट त्या बिडातच कोरलेली असते. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. ते लहान मुलांच्या मेंदूला घातकच होते; २००० साली ते देशभर बंद झाले हे फार चांगले झाले. पण त्याच शिशाचा एक पातळ थर सीटवर बसून राही आणि तापलेला व्हॉल्व्ह बिडाला चिकटू देत नसे. तो थर गेल्यापासून भरधाव आणि भाराने चालवलेल्या जुन्या गाडीची सीट हळूहळू झिजते. व्हॉल्व्ह हेडात वर वर रुतत जातो, त्याचा देठ रॉकरकडे सरकतो आणि फट आपोआप मिटत जाते. कुणी पाना न लावता! उलट रॉकर, टॅपेट किंवा कॅम झिजले तर फट वाढते आणि आवाजही वाढतो. ध्यानात घ्या: एक झीज ओरडून सांगते, दुसरी झीज शांत होत जाते. आपण कान देतो ते ओरडणाऱ्या झिजेला. जुनी गाडी कुणी हात न लावताच पूर्वीपेक्षा शांत झाली, तर मालकाने पेढे वाटू नयेत. फिलर गेज आणावे.

याचा अर्थ टॅपेट खुशाल ढिले ठेवावेत असा नाही. फट फार वाढली की दार उशिरा उघडते, लवकर मिटते आणि पुरते उघडतही नाही. इंजिनाला श्वास कमी पडतो. शिवाय कॅमचा उंचवटा एकदम सुरू होत नाही. त्याला आधी एक सौम्य चढण असते, ती फट हळूच भरून काढायला आणि दार मिटताना ते हळूच टेकवायला. फट जास्त असेल तर ती चढण वाया जाते आणि दार प्रत्येक वेळी आपटते. म्हणून मापाला महत्त्व. तरीही मिस्त्री म्हणतात, ‘चुकायचंच असंल तर ढिलं चुका, कसून चुकू नका.’ ढिले टॅपेट कटकट करून महिनोन्‌महिने काढील. कसलेले टॅपेट एका घाटात व्हॉल्व्ह खाईल.

जळालेल्या जागी नवा व्हॉल्व्ह बसला, शेजारच्याच कारखान्यात धुराच्या चारही दारांना कठीण पोलादाच्या सीट बसवून घेतल्या, आणि गाडी उभी राहिली. त्यानंतर टॅपेट लावणे मी स्वतः शिकून घेतले. रीत सोपी आहे, धीर लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीचे पुस्तक वाचावे. फटीचा आकडा ही अर्धी माहिती. तो थंड इंजिनाचा की गरम, ही उरलेली अर्धी. आमच्या गाडीचा गरम इंजिनाचा आहे, त्यामुळे बोटे भाजतात. दुसऱ्या गाडीचा थंडाचा असेल. आणि जुन्या बिडाच्या बुलेटची तर तऱ्हाच निराळी: तिथे थंड इंजिनावर फट जवळजवळ शून्य ठेवतात, पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. एकीचा नियम दुसरीला लावणे हा अन्याय आहे, आणि त्याची शिक्षा व्हॉल्व्ह भोगतो.

मग नऊची बेरीज. आठ व्हॉल्व्हना रेडिएटरकडून एक ते आठ आकडे द्यायचे. प्लग काढून, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून हळूहळू पुढे ढकलायची. इंजिन हाताने फिरवल्यासारखे फिरते. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट मोजायची. सहावा दाबला की तिसऱ्याची, चौथा दाबला की पाचव्याची. बेरीज नेहमी नऊ. एक पूर्ण उघडलेला असतो तेव्हा त्याच्या जोडीदाराच्या टॅपेटखाली कॅमची सपाट पाठ आलेली असते, हे त्यातले इंगित. आमच्या घरी गाडी मी ढकलतो आणि आकडे माझी नववीतली मुलगी ओरडते. ती भाषेत माझ्यासारखी आणि गणितात सुदैवाने आईसारखी आहे.

पान रॉकर आणि देठ यांच्यामध्ये सरकवायचे. ते अडू नये आणि सैलही जाऊ नये; नव्या पुस्तकाच्या पानांतून खूण ओढून काढताना बोटांना जेवढा ओढा लागतो तेवढा लागावा. कमी-जास्त असेल तर रॉकरच्या दुसऱ्या टोकाचे लॉकनट सैल करून स्क्रू फिरवायचा, मग स्क्रू पेचकसाने धरून ठेवून नट आवळायचे. आवळताना माप हमखास बदलते, म्हणून पुन्हा पान घालून पाहायचे. एक कावा लक्षात ठेवावा: जुन्या रॉकरच्या टोकाला देठाने खळगा पाडलेला असतो. पान त्या खळग्यावर पुलासारखे आडवे राहते. माप पंधरा दाखवते आणि खरी फट वीस-बावीस असते. तिथे रॉकर घासून सपाट करण्यावाचून इलाज नाही. मोजणाऱ्याला फसवणारे असे खळगे आमच्या परीक्षापद्धतीतही पुष्कळ आहेत. पण तो विषय निराळ्या अंकाचा.

पुष्कळशा नव्या गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट असतात. ते फट स्वतःच भरून काढतात आणि आवाज करीत नाहीत. कल्पना जुनीच आहे. कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरच्या गाडीत ती १९३० साली होती. सोयीची आहे, मी तिला नावे ठेवणार नाही. काळजी इतकीच की फट हाताने मोजणारी माणसे आता थोडी उरली. मिस्त्रींचा मुलगा संगणक लावून नव्या गाड्या तपासतो आणि चांगले तपासतो. पण आमच्या गाडीला तो संगणक कुठे जोडायचा हेच सापडत नाही. मिस्त्रींच्या बोटांना पंधराचे पान डोळे मिटून ओळखू येते. ती ओळख बोटांतून बोटांत जाते, पुस्तकातून जात नाही. म्हणून गेल्या वर्षीपासून मी आणि मुलगी, दोघेही त्यांच्या बाकावर जाऊन बसतो. तिला तेराचे आणि पंधराचे पान आता कळते. मला अजून आकडा वाचावा लागतो.

आप्पांनी शोधून काढलेले कागद नंतर दुसऱ्या कामी आले. मोडीसाठी नव्हे, नोंदणी पाच वर्षांनी वाढवण्यासाठी. रविवारी सकाळी ते अंगणात उभे राहून गाडी चालू करायला लावतात आणि मान तिरपी करून ऐकतात. आवाज आला की आत जाऊन चहा घेतात.

दिवाळी आली आहे. फराळाच्या आधी ज्या घरांतून गाडीवरचे कापड निघेल त्यांना एवढेच सांगणे: गॅरेजात गेल्यावर ‘आवाज घालवा’ असे म्हणू नका. आवाज घालवणे सोपे आहे. पान्याचा एक पीळ पुरतो. ‘फट मोजून द्या, आणि किती निघाली तो आकडा कागदावर लिहून द्या’ असे म्हणा. पुढच्या दिवाळीला तो कागद काढून नव्या आकड्याशेजारी ठेवा. आकडा वाढला असेल तर काहीतरी झिजते आहे. कमी झाला असेल तर सीट खाल्ली जाते आहे. आणि तेवढाच राहिला असेल, तर बॉनेट मिटवा आणि त्या टकटकीसकट खुशाल आंबा घाट चढा.